शेत ते उंबरठा : लहान सेंद्रिय शेतकऱ्याच्या वाटेतील अडसर



ज्या शाळेच्या बाकांवर बसून मी अक्षरे गिरवली, त्याच शाळेने स्मृतिव्याख्यानासाठी मला पाचारण करावे, हा मी माझा बहुमान समजतो. ज्या गुरुजींच्या नावे ही व्याख्यानमाला चालते, त्यांचा एक आग्रह असे. बोलणाऱ्याने आपल्या अनुभवाच्या कक्षेतलाच विषय निवडावा आणि ऐकणाऱ्याच्या हाती काहीतरी द्यावे. माझी नोकरी कृषिविस्ताराची. माळव्यातील खेड्यांतून हिंडण्यात माझे बहुतेक आयुष्य गेले. म्हणून आज मी शेतीविषयी, आणि त्यातही एका लहानशा प्रश्नाविषयी बोलणार आहे.

रासायनिक खतांवाचून आणि विषारी फवारण्यांवाचून शेती होऊ शकते काय, हा तो प्रश्न नव्हे. त्यावर पुष्कळ चर्चा झाली आहे आणि होत राहील. माझा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. दोन-अडीच एकरांच्या धन्याने अशी शेती केली, पीक हाती आले, तर जवळच्याच शहरात ते त्याला रास्त भावाने विकता का येत नाही? महाराष्ट्रात जिला सेंद्रिय शेती म्हणतात आणि आपल्या मध्यप्रदेशात जिला जैविक शेती म्हणण्याचा प्रघात आहे, तिचे खरे दुखणे बांधाच्या आत नाही. ते बांधापासून आपल्या उंबरठ्यापर्यंतच्या वाटेत आहे. असे माझे मत झाले आहे आणि ते आज मी आपल्यापुढे मांडू इच्छितो.

इंदूरचे नाव

या विषयावर इंदुरात बोलण्यास एक विशेष औचित्य आहे. १९२४ साली अल्बर्ट हॉवर्ड यांच्या संचालकत्वाखाली येथे ‘इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री’ ही संस्था सुरू झाली. काडीकचरा, शेण, गोठ्यातील मूत्राने भिजलेली माती आणि लाकडाची राख यांचे थर देऊन, ठरावीक अंतराने ते उलथवून, सुमारे तीन महिन्यांत उत्तम खत तयार करण्याची रीत तेथे सिद्ध झाली. जगभर ती आजही ‘इंदूर पद्धत’ या नावाने ओळखली जाते. हॉवर्ड यांनी १९३१ साली या प्रयोगांवर जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यावर त्यांच्या जोडीने यशवंत वाड या रसायनज्ञ सहकाऱ्याचे नाव आहे. १९३५ साली हिंदी साहित्य संमेलनाच्या निमित्ताने गांधीजी इंदुरास आले, तेव्हा तेही ही पद्धत पाहण्यास संस्थेत गेले होते.

आज प्रमाणित जैविक क्षेत्राच्या बाबतीत मध्यप्रदेश देशात अग्रभागी आहे. असे असूनही आपल्यापैकी कितीजणांच्या घरी जवळपासच्या जैविक शेतातील गहू वा भाजी नियमाने येते, याचा प्रत्येकाने मनाशी विचार करावा. ज्या शहराचे नाव एका खताला लाभले, त्या शहरात ते खत वापरणाऱ्याला गिऱ्हाईक मिळत नाही. ही विसंगती का उद्भवली, ते आता क्रमाने पाहू.

डोळ्यांना न दिसणारा गुण

वस्तूचे गुण तीन प्रकारचे असतात. काही गुण विकत घेण्यापूर्वीच दिसतात. भेंडी कोवळी आहे की जून, हे देठ मोडून कळते. काही गुण वापरल्यावर कळतात; आंबा गोड निघाला की आंबट, हे घरी गेल्यावर समजते. परंतु काही गुण असे असतात की, ते खाल्ल्यानंतरही कळत नाहीत. ही मेथी फवारणीवाचून वाढली आहे, हे तिचा रंग सांगत नाही, वास सांगत नाही आणि चवही खात्रीने सांगत नाही. अशा गुणाच्या बाबतीत ग्राहकापुढे विश्वास ठेवणे किंवा न ठेवणे, एवढेच दोन मार्ग उरतात.

जॉर्ज अकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली एका निबंधात जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखवले की, ग्राहकाला चांगले आणि वाईट यांतील भेद ओळखता येत नसेल, तर तो दोहोंना सरासरी भाव देतो. त्या भावात चांगला माल परवडत नाही. म्हणून चांगला माल आणणारा हळूहळू बाजारातून उठून जातो आणि मागे वाईटच उरते. या विचारासाठी पुढे २००१ साली त्यांना नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला. आपल्या भाजीबाजारात हेच घडते. ‘जैविक’ हा शब्द पाटीवर लिहायला खडूखेरीज काही लागत नाही. जो खरोखर कष्ट करतो आणि जो केवळ पाटी लिहितो, ते दोघे ग्राहकाला सारखेच दिसतात. मग ग्राहक दोघांवरही अविश्वास दाखवतो आणि त्या अविश्वासाचा दंड प्रामाणिक माणसाला भरावा लागतो.

कागदाची किंमत

या अविश्वासावर शासनाने काढलेला तोडगा म्हणजे प्रमाणपत्र. २००१ साली राष्ट्रीय जैविक उत्पादन कार्यक्रम सुरू झाला. त्याची रचना मुख्यतः निर्यातीच्या गरजेतून झाली. परदेशी ग्राहक शेतकऱ्याला कधी भेटणार नाही, म्हणून एका त्रयस्थ संस्थेने शेत तपासावे, नोंदी पाहाव्यात आणि दाखला द्यावा, हे त्यात ओघानेच आले. हंगामी पिकांसाठी पेरणीपूर्वी किमान दोन वर्षे आणि फळबागांसारख्या बहुवर्षायू पिकांसाठी पहिल्या तोडणीपूर्वी किमान तीन वर्षे सर्व नियम पाळावे लागतात. या संक्रमणकाळात जमीन नव्या व्यवस्थेला सरावत असते, उत्पन्न बहुधा घटते आणि माल मात्र साध्या भावानेच विकावा लागतो. मोठा बागाईतदार हा काळ साठवणीच्या पैशावर काढतो. लहान शेतकऱ्याजवळ तेवढे साठलेले नसते.

त्यात लेखनाचा भार वेगळाच. बी कोठून आणले, खत केव्हा घातले, शेजाऱ्याच्या फवारणीचे तुषार येऊ नयेत म्हणून बांधाला किती पट्टा सोडला, या साऱ्यांच्या नोंदी हव्यात. एक एकर जमिनीत चार भाज्या लावणाऱ्याला चार पिकांच्या नोंदी ठेवाव्या लागतात. पन्नास एकर एकच पीक लावणाऱ्याला एकाचीच. म्हणजे ज्याची जमीन लहान आणि पिके विविध, त्याच्यावर एकरी बोजा अधिक. आणि पिकांची विविधता हा तर जैविक शेतीचा प्राण! १ हेक्टर ८ गुंठे ही २०१५-१६ च्या कृषिगणनेतील आपल्या देशाची सरासरी धारणा आहे आणि १०० पैकी ८६ खातेदारांची जमीन २ हेक्टरांहून कमी आहे, हे लक्षात घेतले म्हणजे हा बोजा किती घरांवर पडतो याची कल्पना येईल.

ही अडचण ओळखून सहभाग-हमी पद्धतीचा पर्याय पुढे आला. २०११ पासून शासनाने ‘पीजीएस-इंडिया’ या नावाने तो चालवला आहे. यात किमान ५ शेतकऱ्यांचा स्थानिक गट असतो. सभासद एकमेकांच्या शेतांची पाहणी करतात आणि एकमेकांची ग्वाही देतात. संक्रमणातील मालालाही वेगळे चिन्ह मिळते. खर्च अल्प आहे आणि गावाची रीतही यात सांभाळली जाते. कोणाच्या शेतात काय चालते, हे शेजाऱ्याहून अधिक कोणाला ठाऊक असते? तथापि गट टिकवणे सोपे नसते. भाऊबंदकी, पाण्याची भांडणे आणि निवडणुकीतील पक्ष हे सारे त्या पाचांच्या बैठकीत येऊन बसतात. एकाने फवारणी केली, तर उरलेल्या चौघांनी त्याला नाकारण्याचे धैर्य दाखवावे लागते, आणि तो त्यांचा चुलतभाऊ असण्याचा संभव असतो.

२०१७ साली अन्नसुरक्षा प्राधिकरणाने जैविक खाद्यपदार्थांचे नियम केले. त्यांनी वरील दोन्ही पद्धतींना मान्यता दिली आणि ‘जैविक भारत’ हे चिन्ह आणले. लहान उत्पादकाने ग्राहकाला स्वतः विकलेल्या मालासाठी सवलतही ठेवली. मात्र असा दाखला नसलेल्या मालावर ते चिन्ह लावता येत नाही. परिणामी तो माल दुकानात ठेवायचा म्हटले की सवलत संपते आणि कागद पुन्हा आडवा येतो. आणखी एक बारकावा सांगतो. २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याने शेतकरी आणि त्याचे शेतावरचे पीक यांना आपल्या कक्षेबाहेर ठेवले आहे. पण त्याच शेतकऱ्याने तुरीची डाळ भरडली, गव्हाचे पीठ दळून पिशवीत भरले, की तो अन्न-व्यावसायिक ठरतो आणि नोंदणीचे नियम लागू होतात. जेथे चार पैसे अधिक सुटण्याची शक्यता असते, नेमका तेथेच दुसरा उंबरठा उभा राहतो.

मंडीतील ढीग

आता मंडीकडे वळू. व्यापाऱ्यांकडून होणारी वजनातील आणि भावातील लूट थांबावी, उघड लिलाव व्हावा, पैसे वेळेवर मिळावेत, या हेतूने नियंत्रित बाजार निर्माण झाले. मध्यप्रदेशाचा कृषि उपज मंडी अधिनियम १९७२ चा. या व्यवस्थेने शेतकऱ्याचे भले केले नाही, असे मी म्हणणार नाही. परंतु तिची घडण ढिगाची आहे. व्यापारी मूठभर माल उचलतो, दाण्याचा आकार, चमक आणि ओल पाहतो आणि क्षणात बोली लावतो. त्या क्षणात शेताचा तीन वर्षांचा इतिहास सांगायला जागा नसते. जैविक गहू ढिगात पडला की तो केवळ गहू होतो. पालेभाजीचे तर त्याहून वाईट. पानाला किडीचे छिद्र दिसले की भाव उतरतो. विष मारले नाही याची जी खूण, तीच तेथे दोष ठरते.

भाजीपाला मंडीबाहेर विकण्याची मोकळीक असूनही पुष्कळ शेतकरी मंडीतच येतात, याचे कारण केवळ सवय नव्हे. बियाण्याला, आजारपणाला आणि मुलीच्या लग्नाला उचल देणारा अडत्या तेथे असतो. ती उचल फिटेपर्यंत माल त्याच्याच गाळ्यावर आणण्याचे बंधन अलिखित असले तरी पक्के असते. शहरातील जैविक बाजार शेतकऱ्याला भाव चांगला देईल; पण आषाढात घरात पैसा नसताना उचल देणार नाही. हा व्यवहार न समजता आपण शेतकऱ्याला ‘दलालाच्या तावडीतून सुट’ असा उपदेश करतो, तेव्हा तो नुसता ऐकून घेतो.

थोडका माल, लांबची वाट

तिसरी अडचण केवळ अंकगणिताची आहे. समजा, सांवेर किंवा देपालपूरकडचा एक शेतकरी ५० किलो भाजी घेऊन ३० किलोमीटरवरून शहरातील रविवारच्या बाजारास येतो. लहान टेंपोचे जाण्यायेण्याचे भाडे ८०० रुपये धरले, तर किलोमागे १६ रुपये वाटेतच गेले. तोच टेंपो ५०० किलो घेऊन आला असता, तर किलोमागे १ रुपया ६० पैसे पडले असते. त्यात त्याचा दिवस मोडला, पहाटेची तोडणी आली आणि संध्याकाळी १०-१२ किलो भाजी उरली, ती वेगळीच. गिऱ्हाइकाला वाटते, इतका भाव कशाचा? शेतकऱ्याला वाटते, इतका भाव घेऊनही हाती काय उरले? दोघांचेही म्हणणे खरे असते.

बसायला जागा हाही प्रश्न आहेच. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने फेरीवाल्यांना सर्वेक्षण, दाखला आणि जागा यांचे संरक्षण देऊ केले. पण आठवड्यातून एक दिवस आणि वर्षातून सहा महिने येणारा शेतकरी त्या सर्वेक्षणात सहसा सापडत नाही. धान्याच्या बाबतीत अडचण साठवणीची. व्यापारी कोठारात धान्याला कीड लागू नये म्हणून विषारी धुरी देतात. जैविक धान्याला ती चालत नाही. त्यामुळे दुकानदार म्हणतो, ‘हा माल पावसाळ्यात माझ्याकडे टिकायचा नाही.’

येथे निमाडातील कापसाशी तुलना उद्बोधक ठरेल. खरगोन जिल्ह्यात कसरावदच्या परिसरात १९९२ पासून जैविक कापसाचा एक प्रकल्प स्विस कंपनीच्या सहकार्याने उभा राहिला आणि पुष्कळ लहान शेतकरी त्यात सामील झाले. तो टिकू शकला, कारण कापूस नाशवंत नाही, गाठींच्या रूपाने एकत्र जातो आणि खरेदीदार आधीच ठरलेला असतो. थोडक्यात, हजारो मैलांवरच्या ग्राहकापर्यंतची वाट बांधून झाली. तीस किलोमीटरवरच्या ग्राहकापर्यंतची नाही. शासकीय योजनांचा कलही मुख्यतः पिकवण्याकडे राहिला. २०१५ ची परंपरागत कृषि विकास योजना गट बांधते, खत-बियाण्यासाठी आणि प्रमाणीकरणासाठी साहाय्य देते. २०२४ च्या नोव्हेंबरात केंद्राने राष्ट्रीय नैसर्गिक शेती अभियानासही मंजुरी दिली. या योजना आवश्यक आहेत. परंतु तीन वर्षांचे अनुदान संपल्यावर नियमित गिऱ्हाईक नसेल, तर शेतकरी युरियाच्या पोत्याकडे परत जातो. असे परत गेलेले शेतकरी मी पाहिले आहेत आणि त्यांना दोष देण्याचा अधिकार मला वाटत नाही.

आपल्या सवयी

श्रोतेहो, आतापर्यंत मी कायदा, मंडी आणि वाहतूक यांविषयी बोललो. शेवटचा अडसर आपल्या स्वयंपाकघरात आहे. आपल्याला वैशाखात फ्लॉवर हवा असतो आणि भाद्रपदात हिरवा वाटाणा. टोमॅटो एका मापाचे, एका रंगाचे हवेत. एका रविवारी आपण उत्साहाने जैविक बाजारात जातो, दोन पिशव्या भरून आणतो आणि पुढचे तीन रविवार फिरकत नाही. ज्याने आपल्या भरवशावर मेथीचे चार वाफे टाकले, त्याच्या वाफ्यातील मेथी मात्र आपल्यासाठी थांबत नाही.

भाव अधिक असतो ही तक्रार खरी आहे आणि मर्यादित मिळकतीच्या घराला ती लागू पडते. तरीही शेतकऱ्याच्या दृष्टीने भावापेक्षा नियमितपणाचे मोल अधिक असते. दर आठवड्याला नक्की २५ घरे घेणार असतील, तर तो किलोमागे पाच रुपये कमी घ्यायलाही तयार होतो. कारण टेंपो भरून येतो आणि उरलेला माल फेकावा लागत नाही.

वाट कोठून निघते

यावर उपाय काय? सर्व रोगांवर चालेल अशी मात्रा माझ्याजवळ नाही. परंतु वरील विवेचनातून एक गोष्ट निघते. प्रमाणपत्र ही अपरिचितांसाठी केलेली सोय आहे. जेथे विकणारा आणि घेणारा परस्परांना ओळखू शकतात, तेथे ओळख हीच हमी होऊ शकते. मात्र ती ओळख करून घेण्याचे कष्ट ग्राहकाने उचलले पाहिजेत. जपानमध्ये १९७० नंतरच्या दशकात शहरी गृहिणींनी शेतकऱ्यांशी थेट करार केले, हंगामाचा माल जसा येईल तसा घेण्याची तयारी दाखवली आणि त्यातून ‘तेइकेइ’ नावाची परस्पर-बांधिलकीची चळवळ वाढली. आपल्याकडेही नमुना आहे. १९७५ साली स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीत शेजारची कुटुंबे संघ करतात, महिन्याची मागणी एकत्र नोंदवतात आणि माल एकगठ्ठा संघाकडे येतो. वाहतुकीचे ते अंकगणित अशा एकत्र मागणीनेच सुटते.

इंदूरच्या मराठी घरांना तर याहून सोपी सुरुवात करता येईल. चैत्र-वैशाखात वर्षाच्या गव्हाची बेगमी करण्याची रीत आपल्याकडे अजून पुरती मोडलेली नाही. गहू वाळवायचा, एरंडेल चोळायचे किंवा कडुनिंबाचा पाला घालायचा आणि कोठीत भरायचा, हे आपल्या आज्या-आयांनी केले आहे. गहू, हरभरा, तूर आणि लसूण या टिकाऊ वस्तूंपासून आरंभ केला, तर बहुतेक अडसर एकदम सैल होतात. खेप वर्षातून एक-दोनदाच येते. धुरी न दिलेले धान्य दुकानात पडून न राहता घराघरांत सांभाळले जाते. आणि पेरणीच्या वेळी काही रक्कम आगाऊ दिली, तर अडत्याच्या उचलीची गरजही तेवढी कमी होते. पेरणीनंतर एकदा आणि कापणीपूर्वी एकदा चार-दोन कुटुंबांनी शेत पाहून यावे. जे पाहाल ते इतरांना सांगावे. भाजीचा विचार त्यानंतर, परस्परांचा भरवसा बसल्यावर.

यात धोका आहे, हेही स्पष्ट सांगतो. गारपीट झाली, तर आगाऊ दिलेल्या रकमेच्या मोबदल्यात गहू कमी येईल. तो तोटा दोघांनी वाटून घ्यायचा, असे आधीच कागदावर ठरले पाहिजे. आजवर तो एकट्या शेतकऱ्याने सोसला आहे. आपण तो थोडासा वाटून घेऊ, एवढाच या साऱ्याचा अर्थ.

आपल्या शाळेचे माजी विद्यार्थी शहराच्या प्रत्येक भागात आहेत. त्यांतील २५ कुटुंबांनी येत्या रब्बीसाठी एका गावातील पाच शेतकऱ्यांच्या गटाशी असा लेखी ठराव करावा आणि माल उतरवून घेण्यासाठी शाळेने एक रविवार आपले पटांगण द्यावे, अशी माझी संस्थेला आणि आपणा सर्वांना विनंती आहे. शेत दाखवण्याची आणि ठरावाचा मसुदा करून देण्याची जबाबदारी मी घेतो. ज्यांना यात सामील व्हावेसे वाटेल, त्यांनी व्याख्यानानंतर कार्यालयातील वहीत आपले नाव आणि वर्षाला लागणारा गहू किती, एवढे नोंदवून जावे.